वैद्यकीय शिक्षणाची फी आणि मदत : पार्श्वभूमी

महाराष्ट्रात डॉक्टर होण्याचा खर्च आज पाच-सहा वेगवेगळ्या वाटांनी भागवला जातो. काहींना शिष्यवृत्ती, काहींना शुल्कमाफी, रेसिडेंट (रुग्णालयात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणारा डॉक्टर) झाल्यावर विद्यावेतन, त्यापाठोपाठ बाँड (शिक्षणानंतर सेवा देण्याची हमी) आणि एवढे करूनही जे उरेल त्यासाठी बँकेचे कर्ज. या वाटा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी पडल्या आणि एकीचा दुसरीशी मेळ घालण्याचे काम कधी झालेच नाही. प्रवेशाच्या वेळी पालकांची जी धावपळ होते तिचे मूळ इथे आहे.

सुरुवातीला प्रश्न उलटा होता. १८३५ मध्ये कलकत्त्यात आणि १८४५ मध्ये मुंबईत पाश्चात्त्य वैद्यकाची महाविद्यालये निघाली, तेव्हा शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहायला विद्यार्थी मिळणेच कठीण होते. कलकत्त्यात तर पहिल्या तुकडीला दरमहा काही रुपये देऊन बसवावे लागले. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नीच्या पुढाकाराने निधी उभा राहिला आणि त्यातून वैद्यक शिकणाऱ्या मुलींना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, पाठोपाठ ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. तीच योजना बदलत-बदलत आजही चालू आहे. देशात सामाजिक न्यायाच्या नावाने दिली जाणारी ही सर्वांत जुनी शैक्षणिक मदत आहे आणि कित्येक घरांतला पहिला डॉक्टर तिच्यामुळेच उभा राहिला.

स्वातंत्र्यानंतरची तीन-साडेतीन दशके वेगळ्या मदतीची फारशी गरज भासली नाही. महाविद्यालये मुख्यतः सरकारी आणि महापालिकांची होती. फी नाममात्र असे आणि खरा खर्च तिजोरीतून होई. थोडक्यात, स्वस्त फी हीच सर्वांत मोठी शिष्यवृत्ती होती. अडचण जागांची होती. त्या थोड्या होत्या आणि मागणी दरवर्षी वाढत होती.

१९८३ च्या सुमारास राज्याने विनाअनुदान तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालये काढायला परवानगी दिली आणि चित्र पालटले. पश्चिम महाराष्ट्रात आणि विदर्भात लवकरच खासगी वैद्यकीय महाविद्यालये उभी राहिली. जिल्ह्यांच्या गावी मोठी रुग्णालये आली, हा त्याचा खरा फायदा होता आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण 'डोनेशन' हा शब्दही घरोघर पोहोचला तो याच वर्षांत. फीची पावती वेगळी आणि पावतीविना द्यायची रक्कम वेगळी, हा व्यवहार इतका उघड झाला की १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फीविरोधी, म्हणजे प्रवेशासाठी ठरल्या फीपलीकडे पैसे घेण्याविरुद्धचा, कायदा करावा लागला. कायद्याने देणगीवर बंदी आणली. मात्र ज्याला खरी फीही झेपत नाही त्याने काय करायचे, यावर त्यात उत्तर नव्हते.

ते उत्तर शोधायचा प्रयत्न पुढे न्यायालयात झाला. शेजारच्या कर्नाटकातले एक प्रकरण १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आले. तिथल्या सरकारच्या अधिसूचनेनुसार सरकारी कोट्यातल्या विद्यार्थ्याची वार्षिक फी २,००० रुपये, राज्यातल्या इतरांची २५,००० पर्यंत आणि परराज्यातल्यांची ६०,००० पर्यंत होती. शिक्षणाचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, असे म्हणत न्यायालयाने हा प्रकार कॅपिटेशन फीच ठरवला. संस्थाचालक पुन्हा न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकालासोबत एक पूर्ण योजनाच आखून दिली.

या योजनेवर थोडे थांबायला हवे, कारण पुढचे सगळे वाद तिच्याभोवतीच फिरतात. खासगी व्यावसायिक महाविद्यालयातल्या निम्म्या जागा 'फ्री' आणि निम्म्या 'पेमेंट'. दोन्ही प्रकारच्या जागा गुणवत्तेनेच भरायच्या, व्यवस्थापनाचा स्वतःचा कोटा नाही. गुणवत्ता यादीत वर असलेल्याला फ्री सीट मिळणार आणि त्याची फी सरकारी महाविद्यालयाइतकी असणार. खाली असलेला पेमेंट सीटवर बसणार आणि राज्याच्या समितीने ठरवलेली मोठी फी भरणार. संस्थेचा खर्च भागायचा तो मुख्यतः या दुसऱ्या निम्म्यातून. म्हणजे शेजारच्या बाकावरचा विद्यार्थी तुमच्या शिक्षणाचा खर्च उचलत असे आणि त्यासाठी तुम्हाला कुठलाही अर्ज करावा लागत नसे.

आजच्या पालकांना हे अविश्वसनीय वाटेल, पण १९९३ ते २००२ या काळात हजारो मुले अशी शिकली. तलाठी, प्राथमिक शिक्षक, गिरणी कामगार यांची मुले खासगी महाविद्यालयातून सरकारी फीमध्ये डॉक्टर झाली. उत्पन्नाचा दाखला नाही, पोर्टल नाही, हप्त्याची वाट पाहणे नाही. यादीत नाव लागले की मदत फीमध्येच धरलेली असे. माझ्या मते या योजनेचे सर्वांत मोठे बळ हेच होते आणि तिच्यावर टीका करणाऱ्यांनी त्याची किंमत पुरेशी ओळखली नाही.

टीका मात्र खोटी नव्हती. एका गुणाने यादीत खाली गेलेल्या मुलाला कितीतरी पट फी भरावी लागे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा होता. शहरातल्या चांगल्या शाळा आणि महागडे क्लास यांच्या जोरावर सधन घरातली मुले यादीत वर येत आणि फ्री सीट घेत. तालुक्याच्या गावची, एक पिढी आधीपर्यंत शेतात राबणाऱ्या घरातली मुले पेमेंट सीटवर येत आणि जमीन गहाण ठेवून पहिल्या मुलाचीही फी भरत. ऑक्टोबर २००२ मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने १९९३ ची योजना रद्द केली, तेव्हा निकालात हे निरीक्षण नोंदवले. विनाअनुदानित संस्थांना आपली फी ठरवण्याची मुभा मिळाली. विकासासाठी वाजवी शिल्लक ठेवायला हरकत नाही, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही, असे ठरले. गरिबांसाठी फ्रीशिप आणि शिष्यवृत्ती यांचा उल्लेखही झाला, पण किती, कोणी आणि कधीपर्यंत द्यायची हे मोकळे राहिले.

रोगाचे निदान बरोबर होते, हे मान्य करायला हवे. फ्री सीट गरजेवर न देता फक्त क्रमांकावर दिली जात होती, हा दोष खराच. पण त्यावर उपाय म्हणून फ्री सीटला उत्पन्नाची अट लावता आली असती. तसे न होता फ्री सीटच गेली. तोपर्यंत मदत फीच्या आत होती. २००२ नंतर ती फीच्या बाहेर गेली आणि अर्ज करून मागायची गोष्ट झाली. पर्यायी शिष्यवृत्ती उभी राहण्याआधीच जुनी सोय मोडली, ही माझी खरी तक्रार आहे.

पुढचे निकाल लागोपाठ आले. २००३ मध्ये पाच न्यायमूर्तींनी प्रत्येक राज्यात निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली प्रवेशासाठी एक आणि शुल्कासाठी एक अशा समित्या नेमायला सांगितल्या. आज पालक ज्या शुल्क नियामक यंत्रणेकडे तक्रारी घेऊन जातात तिचा जन्म इथला. ऑगस्ट २००५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सात न्यायमूर्तींनी ठरवले, की विनाअनुदानित संस्थांवर राज्य आपला कोटा आणि आरक्षण लादू शकत नाही. परदेशस्थ भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवता येतील आणि त्या जागांवर मिळणारा जादा पैसा दुर्बल घटकांतल्या विद्यार्थ्यांसाठी वापरावा, असेही म्हटले. हे शेवटचे वाक्य नेमके अमलात आले असते तर एक चांगला शिष्यवृत्ती निधी प्रत्येक महाविद्यालयात असता. त्याचा हिशेब सार्वजनिकरीत्या विचारला गेल्याचे फारसे दिसत नाही. आरक्षणाबाबतची बाजू संसदेने घटनादुरुस्ती करून सावरली आणि ती जानेवारी २००६ पासून लागू झाली. फीची बाजू तशीच राहिली.

राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती किंवा शुल्कप्रतिपूर्ती मिळत राहिली. खुल्या प्रवर्गातल्या अल्प उत्पन्न घरांसाठी असलेली ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) सवलत मात्र वर्षाला १ लाखाच्या उत्पन्नमर्यादेवर अडकून पडली होती. २०१६ मध्ये मोठ्या मोर्च्यांच्या पार्श्वभूमीवर ही मर्यादा ६ लाखांपर्यंत नेली गेली, पुढे ती ८ लाख झाली आणि निम्मे शिक्षण शुल्क सरकारने भरायचे ठरले. फ्री सीट गेल्यापासून तोवर १४ वर्षे उलटली होती. एवढ्या काळात कितीतरी तुकड्या शिकून बाहेर पडल्या.

आता या ८ लाखांविषयी. हा आकडा मूळचा इतर मागासवर्गीयांच्या क्रीमी लेअरचा, म्हणजे ज्या सधन गटाला आरक्षण मिळत नाही त्याचा. १९९३ मध्ये ती मर्यादा १ लाख होती, नंतर २००४ मध्ये २.५ लाख, २००८ मध्ये ४.५ लाख, २०१३ मध्ये ६ लाख आणि २०१७ मध्ये ८ लाख झाली. २०१९ मध्ये आर्थिक दुर्बल घटकांचे आरक्षण आले तेव्हा तोच आकडा उचलला गेला. पण मोजण्याची पद्धत वेगळी आहे. क्रीमी लेअरच्या उत्पन्न कसोटीत पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत, आर्थिक दुर्बल घटकासाठी दोन्ही धरतात. अनुसूचित जातींच्या केंद्रीय मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा तर २.५ लाखांवरच आहे. एकाच वर्गातल्या तीन मुलांसाठी 'कमी उत्पन्न' याचे तीन अर्थ होतात. २०२१ मध्ये पदव्युत्तर प्रवेशाच्या अखिल भारतीय कोट्यात (देशभरातून भरायच्या जागांत) आर्थिक दुर्बल घटकांचा हा निकष लागू झाला आणि ८ लाखांचा आधार काय, असे न्यायालयाने विचारले. समुपदेशन, म्हणजे जागावाटपाची प्रक्रिया, महिनोन्महिने रखडले, नवी तुकडी न आल्याने जुन्या रेसिडेंटांवर दुप्पट भार पडला आणि दिल्लीत निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले. जानेवारी २०२२ मध्ये त्याच निकषावर प्रवेशाला परवानगी मिळाली.

शिष्यवृत्तीच्या अर्जांचे काम २०१७-१८ पासून राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर गेले. पैसे थेट खात्यात जमा होणे ही सुधारणा आहेच. त्रास होतो तो वेळेचा. संस्थेला फी प्रवेशाच्या दिवशी हवी असते, सरकारचा हप्ता पुढच्या वर्षीही येऊ शकतो. मधल्या काळात संस्था विद्यार्थ्याकडूनच पूर्ण रक्कम मागते आणि कागदोपत्री शुल्क माफ असलेला पालक पतसंस्थेच्या दारात उभा राहतो. जुलै २०२४ मध्ये आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्काची पूर्ण सवलत जाहीर झाली. निर्णय मनापासून स्वागतार्ह आहे. पण व्यवस्थापन कोटा आणि खासगी अभिमत विद्यापीठे (विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्था) त्याच्या बाहेर आहेत, आणि सर्वांत जास्त फी तिथेच आहे.

पदव्युत्तर शिक्षणाची गोष्ट आणखी निराळी. रेसिडेंट हा विद्यार्थीही असतो आणि रुग्णालय चालवणारा हातही. म्हणून त्याला विद्यावेतन मिळते. १९९२ च्या केंद्रीय निर्देशांत सलग १२ तासांपेक्षा जास्त आणि आठवड्याला साधारण ४८ तासांपेक्षा जास्त ड्यूटी नको, असे लिहिलेले आहे. वॉर्डात काम केलेल्या कोणालाही हे आकडे वाचून वाईट वाटेल. खासगी महाविद्यालयांनीही सरकारी दराने विद्यावेतन द्यावे, असा वैद्यकीय शिक्षणाच्या राष्ट्रीय नियामकाचा नियम आहे. तरीही २०२३ च्या देशव्यापी पाहणीत अनेक विद्यार्थ्यांनी विद्यावेतन मिळत नाही, कमी मिळते किंवा दिलेले परत घेतले जाते, असे सांगितले. महाराष्ट्रात तर वाढीव आणि वेळेवर विद्यावेतनासाठी संप करणे हा दर एक-दोन वर्षांनी येणारा प्रसंग झाला आहे.

सरकारी महाविद्यालयातल्या स्वस्त शिक्षणाची परतफेड बाँडमधून मागितली जाते. महाराष्ट्रात शिक्षणानंतर एक वर्ष सेवा, ती न केल्यास एमबीबीएसला १० लाख, पदव्युत्तरला ५० लाख आणि अतिविशेष अभ्यासक्रमाला २ कोटी रुपये, असे दंड ठरले. ही वेठबिगारी आहे, असा दावा अनेक राज्यांतल्या डॉक्टरांनी केला. ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, पण देशभर एकसारखे धोरण असावे, असेही सुचवले. सेवेची अट मला पटते. दंडाची रक्कम भरून सुटण्याची सोय मात्र पटत नाही, कारण ज्याच्या घरात ५० लाख आहेत तो सुटतो आणि ज्याला शिष्यवृत्तीवर शिकावे लागले तोच आदिवासी तालुक्यात जातो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये राष्ट्रीय नियामकाने जुनी कल्पना पुन्हा पुढे आणली : खासगी महाविद्यालये आणि अभिमत विद्यापीठांतल्या निम्म्या जागांची फी त्या राज्यातल्या सरकारी महाविद्यालयाइतकी. संस्थांनी न्यायालये गाठली. उरलेल्या निम्म्यांवर बोजा पडेल, हा त्यांचा युक्तिवाद २००२ च्या निकालातलाच आहे. या वेळी तरी सवलतीच्या जागा क्रमांकाबरोबर उत्पन्नही पाहून द्याव्यात, असे मला वाटते.

तोवर उरते ते कर्ज. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने निवडक ८६० संस्थांसाठी विनातारण शैक्षणिक कर्जाची योजना मंजूर केली. तिथेही व्याजसवलतीसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाखच आहे. त्याखालच्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळते. काही अभिमत विद्यापीठांत पदव्युत्तरच्या क्लिनिकल शाखांची एका वर्षाची फी २० लाखांच्या पुढे आहे, आणि अभ्यासक्रम तीन वर्षांचा.