टोटल बी १२ आणि ॲक्टिव्ह बी १२ : व्हिटॅमिन एकच, नेणारे दोन

पुण्यात लॅबमध्ये काम करायचं म्हणजे आठवड्यातून तीन-चार वेळा तरी कोणीतरी दोन रिपोर्ट समोर धरणार, "मॅडम, टोटल बी १२ २४० आलंय आणि ॲक्टिव्ह २८, यातला एक चुकलाय ना?" आणि त्याच्या मागचा लगेच, "मी तर ॲक्टिव्हवालीच गोळी घेतो, मिथाइलकोबालामिन, मग माझं ॲक्टिव्ह कमी कसं?" दोन्ही प्रश्न एकाच घोळातले आहेत आणि हा घोळ फॅमिली ग्रुपवर, केमिस्टच्या काउंटरवर इतका फिरतोय की आता एकदा बसून लिहूनच काढते.

टोटल, म्हणजे रक्तातलं सगळं बी १२ मोजणारी टेस्ट, तुम्हाला माहितीये. फुल बॉडी पॅकेजमध्ये असतं, २०० च्या खाली गेलं की इंजेक्शनं सुरू, शाकाहारी घरात एकजण तरी त्यातून गेलेला असतो. पुढे चला. युनिटचंही एका वाक्यात सांगते, आपल्याकडे टोटल बहुतेक पिकोग्रॅममध्ये येतं आणि ॲक्टिव्ह पिकोमोलमध्ये, म्हणून २४० आणि २८ शेजारी ठेवून वजाबाकी करू नका, ॲक्टिव्हची खालची रेंज बऱ्याच लॅबमध्ये ३५ च्या आसपास असते, आपापल्या रिपोर्टवरची बघा.

आता खरी गोष्ट. बी १२ रक्तात जवळजवळ एकटं फिरतच नाही, त्याला धरून नेणारी प्रोटीन्स लागतात आणि ती दोन आहेत, हॅप्टोकोरिन आणि ट्रान्सकोबालामिन. रक्तातलं साधारण ७० ते ८० टक्के बी १२ हॅप्टोकोरिनने धरलेलं असतं आणि उरलेलं २०-३० टक्के ट्रान्सकोबालामिनने. पण मज्जातंतू, अस्थिमज्जा, स्नायू, या सगळ्या पेशींच्या दारावर जो रिसेप्टर असतो तो फक्त ट्रान्सकोबालामिनला ओळखतो. हॅप्टोकोरिनवरचं बी १२ कित्येक दिवस रक्तातच फिरत राहतं आणि शेवटी लिव्हरकडे जातं, बाकीच्या पेशींना त्यातलं काही मिळत नाही. ट्रान्सकोबालामिनवरचं मात्र तास-दोन तासांत पेशी उचलून नेतात.

म्हणजे स्वारगेटला उभं राहून जाणाऱ्या प्रत्येक बसमधली माणसं मोजली तर तो झाला टोटल, पण त्यातल्या बहुतेक बस मधे कुठेही न थांबता डेपोत जातायत. कर्वे रोडच्या स्टॉपवर कोणी उतरणार का हे कळायला स्टॉपवर थांबणाऱ्या बसच मोजायला हव्यात, तेवढं काम ॲक्टिव्ह बी १२ ची टेस्ट करते. ट्रान्सकोबालामिनवर बसलेलं बी १२, एवढाच त्या "ॲक्टिव्ह"चा अर्थ. दोन्हीकडचं व्हिटॅमिन तेच असतं.

हे पटत नसेल तर दोन दुर्मिळ आजार बघा. काही बाळं जन्मतःच ट्रान्सकोबालामिनशिवाय येतात, त्यांचं टोटल बऱ्याचदा नॉर्मल दिसतं आणि तरी काही आठवड्यांतच वजन वाढेनासं होतं, गंभीर ॲनिमिया होतो, कारण पेशीपर्यंत काही पोचतच नाही. उलट काही माणसांत हॅप्टोकोरिन नसतं, त्यांचं टोटल एकदम खाली असतं पण बी १२ च्या कमतरतेचा त्रास त्यांना नसतो. मला तर एवढ्यावरूनच पटलं होतं. आणि लिव्हरच्या काही आजारांत किंवा काही ब्लड कॅन्सरमध्ये हॅप्टोकोरिन वाढून टोटल फुगतं, तेव्हा "वा, बी १२ भरपूर" म्हणून खूश होणं धोक्याचं आहे.

आता गोळीवरचं "ॲक्टिव्ह". मला सगळ्यात जास्त राग येतो तो या शब्दाच्या वापराचा. मिथाइलकोबालामिन हा बी १२ चा रासायनिक प्रकार आहे, टेस्टमधल्या ॲक्टिव्हशी त्याचा काही संबंध नाही. ट्रान्सकोबालामिन सायनोही (सायनोकोबालामिन, गोळ्यांमधला बी १२ चा दुसरा प्रकार) नेतं आणि मिथाइलही नेतं. पेशीत शिरल्यावर ट्रान्सकोबालामिन तोडलं जातं, मग एक एन्झाइम बी १२ ला चिकटलेला मिथाइल किंवा सायनो गट काढून टाकतं आणि पेशी आपल्याला हवं तसं मिथाइल आणि अडेनोसिल, म्हणजे ती प्रत्यक्ष वापरते ते बी १२ चे दोन प्रकार, नव्याने बनवते. म्हणजे ज्या मिथाइलसाठी जास्त पैसे मोजले ते आत गेल्यावर काढूनच टाकलं जातं. साधं सायनोकोबालामिन स्वस्त असतं, उजेडात जास्त टिकतं, मी घरी तेच देते.

इंट्रिन्सिक फॅक्टरलाही लोक रक्तातला वाहक समजतात, तसं नाहीये, ते जठरात तयार होतं आणि छोट्या आतड्याच्या शेवटच्या भागात बी १२ आत घ्यायला मदत करतं, तिथेच त्याचं काम संपतं, रक्तात ते बी १२ नेत नाही. आणि स्पिरुलिना खाऊन बी १२ वाढवणाऱ्यांना कळकळीने सांगते, त्यात मुख्यतः बी १२ सारखा दिसणारा पण आपल्या उपयोगाचा नसलेला पदार्थ असतो, इंट्रिन्सिक फॅक्टर तो नीट धरतच नाही. दूध-दही घ्या, लागली तर गोळी घ्या.

टोटलवर किती विसंबायचं हे पुण्यातल्याच कामावरून दिसतं. केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास १९९३ मध्ये सुरू केला, त्यात दोन-तृतीयांश आयांचं टोटल बी १२ कमी होतं पण मिथाइलमॅलोनिक ॲसिड, जे पेशीत बी १२ कमी पडलं की साठतं, ते ९० टक्के जणींमध्ये वाढलेलं होतं. टोटल ठीक पण हे ॲसिड वाढलेलं, अशा मधल्या बायकांचं काय? त्यांच्या टोटलकडे बघून कोणीही "नॉर्मल" म्हणून घरी पाठवलं असतं.

माझ्या मावशीचं तेच झालं, पायाला मुंग्या, जिना उतरताना तोल जायचा, टोटल २६० म्हणून वर्षभर "वयामुळे होतंय" ऐकत राहिली, शेवटी मी ॲक्टिव्ह करायला लावलं तर २२. म्हणून टोटल २०० ते ३०० च्या मधे असेल आणि मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा असं काही असेल तर डॉक्टरांना विचारून ॲक्टिव्ह आणि जोडीला होमोसिस्टीन (हेही बी १२ कमी पडलं की रक्तात वाढतं) करून घ्या, इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी, कारण एकदा टोचलं की ॲक्टिव्ह चढतं, होमोसिस्टीन उतरतं आणि मग काही कळत नाही. आणि होमोसिस्टीनचं सॅम्पल घेतल्यावर ते लगेच बर्फात ठेवतायत ना ते तिथेच विचारा, बाहेर राहिलं तर रक्तपेशींतून सुटून आकडा उगाच वाढतो.