रेकी : शब्द आणि चित्राक्षरे

रेकी : हात ठेवून उपचार करण्याची एक जपानी पद्धत, तसेच तिला नाव देणारा मूळ शब्द. जपानीत तो दोन कांजींनी, म्हणजे चिनी लिपीतून घेतलेल्या चित्राक्षरांनी लिहितात. पहिले अक्षर ‘रेइ’, दुसरे ‘की’. ‘रेइ’मधला स्वर जपानी माणूस लांबवून ‘रेऽ’ असा म्हणतो, त्यामुळे मराठी ‘रेकी’ हा उच्चार मुळाच्या बराच जवळ आहे. चोरांनी केलेल्या टेहळणीला वर्तमानपत्रांत ‘रेकी’ म्हणतात, तो शब्द इंग्रजीतून आलेला असून त्याचा येथे संबंध नाही.

‘रेइ’चे जुने रूप तीन मजली आहे. वर पाऊस, मध्ये ओळीने तीन चौकोन आणि खाली देवाला आवाहन करणाऱ्या, अंगात येणाऱ्या स्त्रीचे चिन्ह. चौकोन हे ‘तोंड’ या अर्थाचे अक्षर असल्याने तीन मुखे पावसासाठी प्रार्थना करीत आहेत, असे अनेक जण सांगतात. अक्षराचा इतिहास पाहता ते पडणारे थेंब असावेत, हे अधिक पटते. इ.स. १००च्या सुमारास शू शेन याने रचलेल्या चिनी अक्षरकोशात याचा अर्थ जेड रत्न वाहून देवतांची सेवा करणारी व्यक्ती असा दिला आहे. त्यातूनच पुढे आत्मा, दिव्य, गूढ असे अर्थ आले. जपानीत ‘युरेइ’ म्हणजे भूत आणि ‘रेइएन’ म्हणजे दफनभूमी, त्यामुळे तिथल्या सामान्य माणसाला या अक्षरात मृतात्म्यांची चाहूलही लागते.

‘की’च्या जुन्या रूपात वाफेच्या रेषांखाली तांदूळ आहे. शिजत्या भातावरची वाफ, ही उकल लोकप्रिय आहे आणि भात खाणाऱ्या आपल्या माणसांना ती लगेच भिडते. शू शेनच्या कोशात मात्र याच अक्षराचा अर्थ पाहुण्यांना धान्य देणे असा आहे. वाफ दाखवणाऱ्या मूळ अक्षराच्या जागी ते पुढे रूढ झाले. रोजच्या जपानीत हे अक्षर पदोपदी भेटते : ‘तेन्की’ हवामान, ‘गेन्की’ ठणठणीत, ‘ब्योकी’ आजार, ‘देन्की’ वीज.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने लिपी सोपी केली. ‘रेइ’मधले चौकोन आणि खालची स्त्री गेली, ‘की’मधल्या तांदळाच्या जागी फुलीसारखी खूण आली. आज भिंतीवर टांगलेल्या रेकीच्या तक्त्यांत बहुधा जुनी रूपे दिसतात. अर्थ उलगडायला तीच उपयोगी पडतात.

ही जोडी उपचारपद्धतीहून फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या ‘ग्वानझी’ या चिनी ग्रंथात ती मनात येणाऱ्या-जाणाऱ्या सूक्ष्म तत्त्वासाठी वापरली आहे. जपानीत डोंगरावर किंवा देवस्थानात जाणवणाऱ्या पवित्र, गंभीर वातावरणालाही हाच शब्द आहे. ही उपचारपद्धती सुरू करणारे मिकाओ उसुई (१८६५–१९२६) यांनी १९२२ मध्ये क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपवास केला. तेव्हा त्यांना डोक्यावर ‘महान रेइकी’ जाणवली, असे तोक्योतील साइहोजी मंदिराच्या आवारातील १९२७ च्या स्मारकशिळेवर कोरले आहे. १९२२ मध्येच उसुई यांनी तोक्योत संस्था काढली. पद्धतीचे नाव होते ‘उसुई रेइकी र्‍योहो’. यातल्या ‘र्‍योहो’चा अर्थ उपचारपद्धती. म्हणजे ‘रेइकी’ हा शब्द एकटा उपचार सांगत नाही.

उसुईंचे शिष्य चुजिरो हायाशी यांच्या शिष्या हावायो ताकाता यांच्यामार्फत ही पद्धत हवाईत व तिथून अमेरिकेत गेली. ‘वैश्विक जीवनशक्ती’ हा अर्थ पाश्चात्त्य प्रसारात रुळला आणि इंग्रजीतून मराठीत आला. दोन्हींपैकी कोणत्याही अक्षरात ‘वैश्विक’ असे काही नाही. परदेशातून परतलेल्या पद्धतीला जपानी लोक बहुधा कांजीत न लिहिता, परक्या शब्दांसाठी वापरल्या जाणाऱ्या काताकाना लिपीत लिहितात.

अशी ऊर्जा असते किंवा तिने रोग बरा होतो, याला वैज्ञानिक पुरावा मिळालेला नाही.