तांदळाची गल्ली ते अंगकोर : एकट्या प्रवाशांच्या वाटेची पार्श्वभूमी

बँकॉकच्या बांगलाम्फू भागातील ‘खाओ सान’ या रस्त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘कांडून साफ केलेला तांदूळ’ असा आहे. १८९२ मध्ये, राजा चुलालोंगकोर्न यांच्या कारकिर्दीत तो बांधला गेला आणि पुढे अनेक वर्षे तांदळाच्या बाजारासाठीच ओळखला गेला. १९८२ मध्ये बँकॉकच्या स्थापनेला दोनशे वर्षे झाल्याचा सोहळा झाला, तेव्हा राजवाड्याच्या परिसरात आलेल्या पाहुण्यांना राहायला जागा अपुरी पडू लागली आणि इथल्या रहिवाशांनी आपल्या घरांतील खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. पाठीवर सॅक टाकून एकट्याने आग्नेय आशिया पाहायला निघणारे असंख्य लोक आज याच गल्लीतून वाटेला लागतात.

ही वाट मात्र त्याआधीच मळू लागली होती. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे दांपत्य १९७२ मध्ये लंडनहून खुष्कीच्या मार्गाने निघून ऑस्ट्रेलियाला पोहोचले आणि त्यांनी १९७५ मध्ये आग्नेय आशियात कमी खर्चात कसे फिरावे हे सांगणारी, पिवळ्या मुखपृष्ठाची मार्गदर्शिका काढली. युरोपातील तरुणांचा ओढा तोवर इराण-अफगाणिस्तानमार्गे काठमांडू आणि गोव्याकडे होता. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि तो रस्ता तुटला. पूर्वेकडील वाटेचे महत्त्व त्यामुळे आणखी वाढले.

त्या वाटेवर कंबोडियातील प्राचीन मंदिरांचे अंगकोर मात्र नव्हते. एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांनी राजधानी नॉम पेन्ह घेतली आणि कंबोडियाची दारे बंद झाली. जावा बेटावरच्या बोरोबुदुरचा त्याच वर्षी युनेस्कोच्या साहाय्याने मोठा जीर्णोद्धार सुरू झाला, दहा लाखांहून अधिक दगड उतरवून पुन्हा रचले गेले आणि १९८३ मध्ये तो स्तूप पुन्हा खुला झाला. एका देशात दगड मोजून जागेवर बसवले जात असताना दुसऱ्या देशात माणसे मारली जात होती, हे या इतिहासातील अतिशय वेदनादायक वास्तव आहे.

फ्रेंच निसर्ग-अभ्यासक आंरी मूओ यांनी १८६० मध्ये अंगकोरचा ‘शोध’ लावला, असे अजूनही लिहिले जाते. ते थांबायला हवे. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने विष्णूसाठी बांधलेल्या आणि पुढे बौद्ध झालेल्या अंगकोर वाटमधील पूजाअर्चा कधी पूर्णपणे थांबलीच नाही. १६३२ मध्ये आलेल्या एका जपानी यात्रेकरूने बुद्धमूर्ती अर्पण करून तिथल्या खांबावर शाईने मजकूर लिहून ठेवला होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या झोऊ दागुआन या चिनी दूताने तर तेथील बाजार, स्नाने आणि मिरवणुका यांचे बारकाईने वर्णन केले आहे.

कंबोडियात यादवी चालू असतानाच, १९८६ ते १९९३ या काळात, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने अंगकोर वाटच्या डागडुजीचे काम केले. दगड स्वच्छ करण्यासाठी वापरलेल्या रसायनांवर पुढे टीका झाली आणि तिची दखल घ्यायलाच हवी. तरीही बाहेरचे फारसे कोणी जायला तयार नसताना ती माणसे तिथे राबली, हेही विसरता येत नाही. पूर्वेच्या ओवरीत सुमारे ४९ मीटर लांबीचे समुद्रमंथन कोरलेले आहे. वासुकीला घट्ट धरून मागे रेललेले देव आणि दानव, मधोमध विष्णू, खाली कूर्म, वर अप्सरा : मराठी माणसाला इथे वाटाड्याची गरज भासत नाही.

१९९१ चा पॅरिस शांतता करार आणि १९९२ मधील जागतिक वारशाचा दर्जा यांनंतर अंगकोरकडे पुन्हा लोक येऊ लागले. आज मळलेली दिसणारी तिथली पायवाट भूसुरुंग काढणाऱ्यांनी आधी इंच-इंच तपासलेली आहे. व्हिएतनाम आणि लाओसही त्याच सुमारास पर्यटकांना खुले झाले, आणि बँकॉकहून अरण्यप्रथेतपर्यंत रेल्वे, तिथून पायी सीमा ओलांडून पोइपेत व पुढे अंगकोरजवळचे सिएम रीप हा क्रम रूढ झाला.

तोही अबाधित राहिलेला नाही. प्रेह विहिअर हे डोंगरकड्यावरचे शिवमंदिर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये कंबोडियाला दिले, पण सीमेचा वाद मिटला नाही. २०२५ मध्ये अशाच प्राचीन मंदिरांच्या परिसरात थायलंड आणि कंबोडियाच्या सैन्यांत लढाई जुंपली आणि पोइपेतची वेस प्रवाशांसाठी बंद झाली.