रूपक वेगळं, पॉडकास्ट वेगळं

मागच्या महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या मावशीचा फोन आला. "मोबाइलवर ऐकायला काही चांगलं पाठव ना. डोळ्यांनी आता वाचणं होत नाही." काकांची काटोलला संत्र्याची बाग होती, दोघांचं अर्धं आयुष्य तिथे गेलं. म्हणून मी शोधून संत्र्याच्या शेतीवरचं एक पॉडकास्ट पाठवलं, चांगलं दीड तासाचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन: "अगं, हे तं दोघं जणं नुसते बोलूनच राहिले. आपल्या रेडिओवर लागत होतं, तसं काही नाही का?"

तिला हवं होतं रूपक. इंग्रजीत ज्याला रेडिओ डॉक्युमेंटरी म्हणतात त्याला आकाशवाणीच्या मराठीत हाच शब्द आहे. मी मात्र पॉडकास्ट म्हणून जे पहिलं हाती लागलं ते पाठवून मोकळी झाले. रूपक हे जुनं नाव आणि पॉडकास्ट हे त्याच गोष्टीचं नवं नाव, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. रूपक हा रचनेचा प्रकार आहे, पॉडकास्ट ही ती रचना कानापर्यंत पोचवायची रीत. सावजीचा रस्सा आणि तो घरी आणायचा डबा, एवढा सरळ फरक आहे. डब्यात रस्सा येतो, तसं साधं वरणभातही येतं. मावशीला रस्सा हवा होता आणि मी डब्याकडे बघत बसले.

समजा, कळमन्याच्या बाजारातल्या संत्र्यांवरच काही करायचं आहे. पॉडकास्टची आज जी ओळख झाली आहे त्या पद्धतीने केलं, तर लिंबूवर्गीय फळांचे एक अभ्यासक स्टुडिओत येतील. आंबिया बहार आणि मृग बहार या फुलोऱ्याच्या दोन हंगामांतला फरक सांगतील, फळगळ का होते ते समजावतील, नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याबद्दल बोलतील. मुलाखत घेणारा जाणकार असेल, तर ऐकणाऱ्या शेतकऱ्याला त्यातून खरोखर उपयोगाचं काही मिळेल. या प्रकाराला मी कमी लेखत नाही.

रूपक करणारा माणूस मात्र पहाटे रेकॉर्डर घेऊन बाजारातच जाईल. गाडीचं फाळकं खाली पडल्याचा आवाज, संत्री ओतली जातानाची दबकी धपधप, बोली चढत जाते तसा चढणारा सूर, मधेच हमालाचं "सरका, सरका". मग एक शेतकरी सांगतो की आज काय भाव अपेक्षित होता, आणि बोली संपल्यावर तो चार सेकंद काहीच बोलत नाही. ती चार सेकंदं निर्माता कापत नाही. अभ्यासकाचं म्हणणंही येतं, पण दोन वाक्यांपुरतं, जिथे त्याची गरज आहे नेमकं तिथे. निवेदन लिहिलेलं असतं, आवाज एकमेकांत गुंफलेले असतात, कित्येक तासांच्या ध्वनिमुद्रणातून अर्धा तास उरतो. गप्पांमध्ये विषयाची माहिती मिळते. रूपक तुम्हाला त्या जागी नेऊन उभं करतं.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र 1948 चं. योगायोगाने त्याच वर्षी इटलीत प्री इटालिया हा रेडिओचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला. गांधीजींच्या अंत्ययात्रेचं धावतं वर्णन करणारे आकाशवाणीचे मेलव्हिल डिमेलो यांना 1964 मध्ये हा पुरस्कार गीरच्या सिंहांवरच्या रूपकासाठी मिळाला. सिंह, आणि तोही नुसत्या आवाजातून! आपल्याकडे या प्रकाराची परंपरा किती खोल आहे हे एवढ्यावरून कळावं.

आमच्या घरी रूपक लागायचं ते 585 किलोहर्ट्‌झवर, मध्यम लहरींवर. मे महिन्यात त्याची वेगळीच गंमत असे. कूलर सुरू असला की रेडिओत नुसती खरखर. मध्यम लहरींवर आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो, आणि विजेच्या उपकरणांतल्या बारीक ठिणग्यांमुळे होणारा खळखळाट त्या उंचीतच मिसळतो. एफएमला हा त्रास फार कमी. बाबा म्हणायचे, "अर्धा तास कूलर बंद कर बाप्पा." वाळ्याच्या ताट्या सुकत जायच्या, आम्ही घामाने निथळत बसायचो, पण कुणी उठायचं नाही. कारण ते एकदा गेलं की गेलं. एक रूपक ऐन शेवटाला आलं असताना वीज गेली होती. त्याचा शेवट मला आजही माहीत नाही.

पॉडकास्टने बदललं ते हे. हा शब्द 2004 मध्ये ब्रिटनच्या 'गार्डियन'मध्ये बेन हॅमर्सली यांच्या लेखात पहिल्यांदा आला, आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची सांगड घालून. त्यामागची यंत्रणा साधी आहे: करणारा माणूस आपली ध्वनिफीत इंटरनेटवर ठेवतो आणि भागांची एक यादी, म्हणजे फीड, खुली ठेवतो. तुमच्या मोबाइलवरचं ॲप ती यादी अधूनमधून बघतं आणि नवा भाग आला की तुमच्यापुढे ठेवतं. वेळ पाळायची गरज नाही, केंद्राच्या टप्प्यात असण्याची गरज नाही. अर्ध्या तासाचं बंधनही नाही, आणि माझ्या मते हीच पॉडकास्टची सगळ्यात मोठी दुबळी बाजू आहे. कापावं लागत नाही म्हणून कुणी कापत नाही.

अर्थात एकच कृती दोन्ही असू शकते. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसची डॉक्युमेंटरी रेडिओवरही लागते आणि पॉडकास्ट म्हणूनही मिळते. अमेरिकेतलं 2014 चं 'सीरियल' तर रेडिओतल्याच लोकांनी पॉडकास्टसाठी केलेलं भागाभागांचं रूपक. यूट्यूबवर दोन माइकसमोर बसून केलेल्या चित्रित मुलाखतीलाही आता सर्रास पॉडकास्ट म्हणतात. शब्द तसा रुळला आहे, त्यावर वाद घालण्यात मला रस नाही. फक्त शोधताना हे लक्षात ठेवावं लागतं.

म्हणजे कसं, तर "मराठी पॉडकास्ट" असं टाकलं की मुलाखतींचा ढीग समोर येतो. त्याऐवजी विषयासोबत "रूपक" किंवा "डॉक्युमेंटरी" टाकून बघा, हिंदीतही बघा. पहिली दोन मिनिटं ऐकली तरी प्रकार कळतो: स्टुडिओबाहेरचा एखादा आवाज आला का? दुसरी सवय मला फार उपयोगी पडली, ती शेवटची श्रेयनामावली ऐकायची. लेखन कुणाचं, निर्मिती कुणाची, ध्वनिसंयोजन कुणाचं. आवडलेल्या रूपकाच्या निर्मात्याचं नाव कागदावर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी त्या नावाने शोधते. वाहिनीवर सगळं सारखं नसतं. माणसाचा कान मात्र बदलत नाही. आकाशवाणीची केंद्रं न्यूजऑनएअर ॲपवर थेट ऐकता येतात, कूलर सुरू ठेवून. पण तिथे वेळ पाळावीच लागते, कारण ते प्रक्षेपण आहे.

पाठवण्याचंही तसंच. ध्वनिफीत थेट व्हॉट्सॲपवर फिरवली की दोन-तीन फॉरवर्डनंतर ती कुणाची हे कुणालाच सांगता येत नाही. करणाऱ्याचं नाव पुसलं जातं आणि कुणी ऐकलं हे त्याच्यापर्यंत पोचतही नाही. म्हणून दुवा पाठवावा, त्याच्या मूळ जागेचा. आणि सोबत दोन ओळी आपल्या हाताने लिहाव्यात: किती वेळाचं आहे, कुठल्या भाषेत आहे, गप्पा आहेत की रूपक, आणि तुम्ही स्वतः कुठे थांबलात. न ऐकता पुढे ढकललेली गोष्ट पुढचा माणूसही ऐकत नाही, हे मी मावशीच्या बाबतीत करून बसले होतेच. तिच्यासाठी दोन ओळी लिहायच्या म्हणजे मला आधी पूर्ण ऐकावं लागलं.

शेवटी सापडलं ते रेल्वेच्या एका फाटकवाल्यावरचं, हिंदीतलं, सव्वीस मिनिटांचं. दुवा पाठवला नाही, रविवारी महालात जाऊन छोट्या स्पीकरवर लावलं. मावशी पाय मुडपून पलंगावर बसली. अकराव्या मिनिटाला तो माणूस डबा उघडतो, पोळी मोडतो, तेवढ्यात घंटी वाजते आणि डबा तसाच टाकून तो फाटकाकडे धावतो. गाडी निघून जाते. मग किती तरी वेळ फक्त रातकिडे.

"काटोलच्या फाटकावर अशीच वाजत होती," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तो जेवायला बसतो ना, तेवढं परत लागते का?"

मागे नेणारं बटण मी तिला दाखवलं. तिने ते तीनदा दाबलं.