टाळेबंदी उठली, विजेची मागणी परतली

मार्च २०२० च्या अखेरीस छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींची धडधड एकाएकी थांबली. त्या दिवसांत देशाची विजेची मागणी साधारण पाव हिश्श्याने घटली, तर एप्रिलच्या सुरुवातीला जगाचे रोजचे कार्बन उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत १७ टक्क्यांनी खाली आले. स्वच्छ आकाश पाहून हवामानाचे संकटही ओसरत असल्याचा समज अनेकांनी करून घेतला.

पाण्याची आवक थोडी घटली म्हणून जायकवाडी धरणाच्या नाथसागराची पातळी उतरत नाही. आवक विसर्गापेक्षा जास्त आहे तोवर ती चढतच राहते. वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचेही तसेच आहे. २०२० मध्ये जगाच्या ऊर्जाक्षेत्राचे उत्सर्जन पाच टक्क्यांहून अधिक घटले, तरी हवाई बेटांवरील मौना लोआ वेधशाळेत हवेतील कार्बन डायऑक्साइडचे वार्षिक प्रमाण आदल्या वर्षापेक्षा वाढून दशलक्षात सुमारे ४१४ भाग भरले.

२०२१ मध्ये हे उत्सर्जन सुमारे सहा टक्क्यांनी वाढून ३६.३ अब्ज टनांच्या उच्चांकावर गेले. टाळेबंदीत काम थांबले होते, कामाची रीत बदलली नव्हती. भट्टी पुन्हा पेटली तेव्हा किलोभर लोखंड वितळवायला पूर्वीइतकीच वीज लागली. सौर आणि पवन विजेला इंधनाचा खर्च नसल्याने मागणी घटली तेव्हा ती चालू ठेवून कोळशावर चालणाऱ्या वीजनिर्मिती संचांचा भार उतरवला गेला. मागणी परतली तेव्हा मात्र हाताशी तयार असलेल्या त्याच संचांनी वाढीव भाराचा मोठा हिस्सा उचलला, कारण नवा सौर प्रकल्प काही आठवड्यांत उभा राहत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातील औष्णिक केंद्रांकडे सरासरी चारच दिवसांचा कोळसा उरला होता.

कोळशाच्या विजेला पाणीही लागते, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. २०१५ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

म्हणून टाळेबंदीतल्या घटीपेक्षा मला कृषिपंपाची वीज अधिक महत्त्वाची वाटते. रात्रपाळीची लाइट आली की शेतकरी बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, स्टार्टरचे बटण दाबतो आणि विंचूकाट्याची भीती मनात ठेवून गव्हाला पाणी द्यायला दारे धरतो. त्या वेळी सौर वीज नसते, त्यामुळे हा भार बहुतांशी कोळशावरच पडतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ छोटे सौर प्रकल्प उभारून हीच वीज दिवसा देण्याची सोय आहे. पाच एचपीचा तोच पंप तितकेच पाणी उपसतो, मागणी तसूभरही कमी होत नाही, आणि त्या पाण्यापुरता कोळसा जळत नाही.