सर जॉन सोन यांचे घर, लंडन

लंडनमधील लिंकन्स इन फील्ड्स या चौकातले वास्तुकार सर जॉन सोन (१७५३–१८३७) यांचे राहते घर, आज संग्रहालय. राजपुत्र जॉर्ज १८११ ते १८२० या काळात राजप्रतिनिधी (रीजंट) होता, त्यावरून रीजन्सी हे वास्तुशैलीचे नाव पडले. या शैलीचे हे घर सर्वोत्तम उदाहरण असले, तरी प्रातिनिधिक मात्र मुळीच नाही. त्याच काळातला वास्तुकार जॉन नॅश याने लंडनच्या रीजंट्स पार्कभोवती विटांच्या घरांच्या रांगांना गिलावा देऊन राजवाड्यांचा थाट आणला. सोन यांची सगळी करामत मात्र आतल्या उजेडात आहे.

बँक ऑफ इंग्लंडच्या इमारतीचे काम हाती असतानाच सोन यांनी १७९२ मध्ये १२ क्रमांकाचे घर घेऊन ते नव्याने बांधले. पुढे १३ (१८१२–१३) आणि १४ (१८२३–२४) क्रमांकांची घरेही पाडून बांधली. तेराव्या घराची पोर्टलंड दगडाची दर्शनी बाजू शेजारच्या विटांच्या भिंतींपुढे आलेली दिसते. हे बांधकाम नियमबाह्य असल्याची तक्रार त्या भागाच्या बांधकाम सर्वेक्षकाने कोर्टात नेली. निकाल सोन यांच्या बाजूने लागला.

रांगेतल्या घराला दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे मधल्या खोल्या अंधाऱ्याच राहायच्या. सोन यांनी त्यांना छपरातून प्रकाश दिला. न्याहारीची खोली त्यासाठी पाहावी. खोली तशी लहानच. वर उथळ घुमट, त्याच्या मधोमध काचेचा झरोका आणि कोपऱ्यांत बहिर्गोल आरसे. घुमट समोरासमोरच्या दोन भिंतींपर्यंत पोहोचतच नाही. त्या फटींवरच्या झरोक्यांतून उतरणारा उजेड भिंतींवरून ओघळतो. उजेडाचा उगम मात्र खोलीत उभ्या माणसाला दिसत नाही. काही झरोक्यांना पिवळी काच आहे, लंडनच्या करड्या आकाशावरचा उतारा म्हणून.

चित्रदालनात जागेची काटकसर आणखी पुढे गेली आहे. तिथल्या भिंती म्हणजे बिजागऱ्यांवर उघडणारी फळ्यांची दारेच. ती उघडली की आत चित्रांचा आणखी एक थर. अठराव्या शतकातला इंग्लिश चित्रकार होगार्थ याच्या दोन चित्रमालिका इथेच आहेत. मागच्या भागातल्या घुमटाखालून उजेड थेट तळघरात उतरतो. तिथे इजिप्तचा राजा पहिला सेती याची शवपेटी ठेवली आहे. ब्रिटिश म्युझियमने नाकारल्यावर सोन यांनी ती १८२४ मध्ये २,००० पौंडांना घेतली.

घर आहे तसेच राखण्याची तरतूद सोन यांनी १८३३ मध्ये संसदेकडून खास कायदा करून घेऊन केली. धाकटा मुलगा जॉर्ज याच्याशी वितुष्ट आले होते. घर त्याच्या हाती जाऊ नये, हाही त्यामागचा हेतू होता.