सर्वचाकी चालना : पुढील व मागील चाकांतील शक्तिविभागणी

इंजिनाची किंवा विद्युत मोटरची शक्ती वाहनाच्या पुढील आणि मागील अशा दोन्ही ॲक्सलांना, म्हणजे चाकांच्या आसांना, पोहोचविणाऱ्या यंत्रणेस सर्वचाकी चालना म्हणतात. बोलण्यात तिला ‘फोर बाय फोर’ किंवा ‘फोर व्हील’ म्हटले जाते, तर अलीकडच्या मोटारींच्या बाबतीत ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ हा शब्द रूढ आहे. ही शक्ती दोन ॲक्सलांत कशी वाटली जाते, याचे उत्तर ‘५०:५०’ अशा एका आकड्यात देण्याची प्रथा पडली आहे. ती बरीचशी दिशाभूल करणारी आहे. शक्ती म्हणजे टॉर्क, अर्थात पिळाचा जोर, आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार. काही यंत्रणा यांपैकी वेग बांधून ठेवतात, काही टॉर्कचे प्रमाण बांधून ठेवतात, तर काही टॉर्कची केवळ कमाल मर्यादा ठरवतात.

विभागणीचा प्रश्न मुळात उद्भवतो तो वळणामुळे. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या तीन दारी महिंद्रा थारमध्ये दोन ॲक्सलांतील अंतर २.४५ मीटर आहे. मागच्या ॲक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर राहील अशी ती वळवली, तर पुढच्या ॲक्सलचा मध्य सुमारे ५.५७ मीटर त्रिज्येवर येतो. म्हणजे एका पूर्ण फेरीत मागचा ॲक्सल ३१.४ मीटर, तर पुढचा ३५ मीटर चालतो. हा साडेतीन मीटरांचा फरक कुठे तरी सामावून घ्यावाच लागतो, आणि तो कुठे सामावतो यावरून यंत्रणेचा प्रकार ठरतो.

जीप, जिप्सी आणि थार यांच्यातील जुन्या, दणकट प्रकारात तो सामावण्याची सोयच नसते. गिअरबॉक्सला जोडलेल्या ट्रान्सफर केसची, म्हणजे शक्ती पुढे व मागे वळविणाऱ्या पेटीची, लिव्हर ओढली की पुढच्या आणि मागच्या ॲक्सलकडे शक्ती नेणारे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (दांडे) एकमेकांशी घट्ट जखडले जातात. अशा वेळी विभागणी निम्मी-निम्मी होते असे सर्रास लिहिले जाते, पण समान होतो तो वेग. टॉर्क मात्र ज्या ॲक्सलच्या चाकांना पकड असेल तिकडे जातो : पुढची चाके चिखलात अधांतरी फिरत असतील तर जवळजवळ सगळा मागे, आणि कसारा घाटासारख्या चढावर वजन मागे सरकल्यामुळे पुढच्यापेक्षा मागे अधिक. कोरड्या डांबरावर वळताना टायर घसरू शकत नाहीत, म्हणून वरचा फरक शाफ्टांत ताण होऊन साठतो. स्टिअरिंग जड होते, टायर घासटत चालतात आणि लिव्हर परत जागेवर येत नाही. जाणता चालक अशा वेळी गाडी थोडी मागे घेतो, ताण सुटतो आणि लिव्हर सहज निघते.

नाशिक जिल्ह्यात हा प्रकार मोटारींइतकाच द्राक्षबागांतल्या लहान ट्रॅक्टरांत पाहायला मिळतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डावणी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने फवारणी लांबणीवर टाकता येत नाही, आणि दिंडोरी-निफाडच्या काळ्या जमिनीत ओळींमधला चिखल सुकेपर्यंत थांबायला सवड नसते. औषधाच्या पाण्याने भरलेला ब्लोअर ओढणारा ट्रॅक्टर तेव्हा नुसत्या मागच्या चाकांवर जागीच खड्डा करत बसतो. या ट्रॅक्टरांची पुढची चाके लहान असतात, त्यामुळे ती मुळातच जास्त फेऱ्या घेतात. पण गिअरांचे प्रमाण असे ठेवलेले असते की त्यांचा जमिनीवरचा वेग मागच्या चाकांपेक्षा आणखी साधारण १ ते ५ टक्के अधिक राहावा. पुढची चाके त्यामुळे ओढत राहतात, मागून ढकलली जात नाहीत. हीच गोष्ट बांधावरून डांबरी रस्त्यावर आल्यावर नडते. लिव्हर तशीच राहिली तर पुढचे टायर भराभर झिजतात. वेगळ्या मापाचे टायर बसवले तरी हे नाजूक प्रमाण बिघडते.

डिफरन्शियल म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच; प्रत्येक ॲक्सलवर डाव्या-उजव्या चाकांसाठी तो एकेक असतो. दुसऱ्या प्रकारात दोन शाफ्टांच्या मध्ये तिसरा, म्हणजे मधला, डिफरन्शियल असतो. तो वेगांना मोकळीक देतो आणि टॉर्कचे प्रमाण पक्के ठेवतो. साध्या शंकाकृती गिअरांचा असेल तर ५०:५०, आणि ग्रहमालेसारख्या रचनेचा असेल तर गिअरांच्या दातांनुसार विषम : १९६६ च्या जेन्सन एफएफ या ब्रिटिश मोटारीत ते पुढे ३७, मागे ६३ टक्के असे होते. वेग वाढवताना वजन मागे जात असल्याने असा मागे झुकता वाटा सोयीचा ठरतो. या उघड्या, म्हणजे जखडण्याची सोय नसलेल्या, डिफरन्शियलचा दोष मात्र मोठा आहे. चारांपैकी एक चाक जरी निसरड्यावर आले तरी त्याला जेवढा थोडा टॉर्क पेलवतो तेवढ्याच्या प्रमाणातच इतरांना मिळतो आणि गाडी जागीच राहते. म्हणून १९८० च्या ऑडी क्वाट्रोत तो हाताने जखडण्याची सोय दिली होती. पुढे आलेल्या टॉर्सन रचनेत वर्म गिअरांचे घर्षण हे काम आपोआप करते आणि पकड असलेल्या ॲक्सलला दुसऱ्याच्या काही पट टॉर्क देते. पण शून्याची कितीही पट शून्यच असल्याने अधांतरी फिरणाऱ्या चाकावर थोडा ब्रेक लावून त्याला खोटा भार द्यावा लागतो. आता हे काम एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, संगणक करतो.

आजच्या बहुतेक शहरी एसयूव्हींत, उदाहरणार्थ २०२२ च्या ग्रँड व्हिटाराच्या सर्वचाकी आवृत्तीत, पुढची चाके नेहमीच चालवली जातात आणि मागच्या शाफ्टवर अनेक चकत्यांचा क्लच असतो. नियंत्रक तो जितका दाबेल तितका टॉर्क मागे जातो. क्लच पूर्ण दाबला तरी तो मागच्या शाफ्टला पुढच्यापेक्षा वेगाने फिरवू शकत नाही, जास्तीत जास्त बरोबरीला आणतो. तिथून पुढची वाटणी पुन्हा जखडलेल्या प्रकारासारखी पकडीवर ठरते. अर्धवट दाबलेल्या चकत्या घसरतात आणि तापतात, म्हणून रेतीत किंवा खोल चिखलात फार वेळ झगडल्यास नियंत्रक क्लच सोडून देतो व गाडी नुसती पुढच्या चाकांची होऊन बसते. ओल्या रस्त्यावर निघताना ही यंत्रणा उत्तम काम करते. थांबण्याचे अंतर मात्र तिने कमी होत नाही, कारण ब्रेक चारही चाकांना आधीपासूनच असतात.

दोन मोटरींच्या विद्युत वाहनांत, जसे २०२५ ची टाटा हॅरियर ईव्ही, पुढच्या व मागच्या ॲक्सलांमध्ये शाफ्टच नसतो. वळणावरचा फरक आपोआप सुटतो आणि वाटणी संगणक क्षणाक्षणाला बदलतो. मात्र जखडलेल्या ट्रान्सफर केसमध्ये एका ॲक्सलची पकड सुटली की इंजिनाचा सगळा टॉर्क दुसऱ्याकडे जाऊ शकतो; इथे प्रत्येक ॲक्सलला आपल्याच मोटरच्या ताकदीवर भागवावे लागते, आणि हॅरियरमध्ये पुढची मोटर मागचीपेक्षा लहान आहे.